मदत हवी: मरळ माशासाठी घरीच पोकळ मऊ बेडूक बनवायचा आहे

बेशरमकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न मासेमारीचा दिसत असला तरी प्लास्टिकच्या धंद्यातल्या आणि साच्यांचं काम करणाऱ्या लोकांनीही वाचावा ही विनंती. अडलंय ते त्यांच्याच प्रांतात.

मी नागपूरचा. रामटेककडच्या आणि उमरेड रोडच्या बाजूच्या लहान तलावांवर, मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन गळ टाकतो. आमच्याकडे गळवाल्यांचा जीव अडकतो तो मरळीत. आणि मरळ राहते कुठे, तर काठच्या बेशरमाच्या झुडपांत, जलपर्णीखाली, कमळाच्या पानांत, शिंगाड्याच्या वेलात. तिथे उघडा गळ टाकला की पहिल्याच ओढीत किलोभर शिंगाड्याचा वेल हाती येतो. म्हणून आमिष म्हणून पानांवरून सरकत येणारा पोकळ नकली बेडूक लागतो. त्याच्या पोटातून जोडगळ जातो, दोन्ही टोकं पाठीला चिकटून लपलेली असतात, आणि माशाने दाबला की अंग चपटं होऊन टोकं बाहेर येतात. विकतचा चांगला बेडूक महाग, आणि मरळीच्या दातांपुढे तो फार टिकत नाही. म्हणून घरी करायचं ठरवलं.

नेटवर या विषयावर जे आहे ते सगळं अमेरिकन आणि सगळं बास माशासाठी. त्यात बघून प्लास्टिसोल मागवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुधासारखा पांढरा द्रव असतो (पहिला फोटो), तापवला की आधी घट्ट गोळा होतो, मग १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा पातळ आणि पारदर्शक होतो. तेव्हा साच्यात ओतायचा. साचा मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांत केला आहे. बेडूक दिसायला झकास निघतो. पण पाण्यात सोडला की हळूहळू बुडतो, अंग भरीव असल्यामुळे दाबलं जात नाही, पोटाकडच्या बाजूला बुडबुडे असतात आणि अधूनमधून पूर्ण माल पिवळा पडतो.

तर मला हवंय असं: (अ) पोकळ अंग घरच्या साधनांत कसं करायचं, (आ) बुडबुडे आणि पिवळेपणा कशाने येतो, (इ) नागपुरात यातलं काय कुठे मिळू शकेल.

खरा बेडूक लाव असं कृपया कोणी सुचवू नका. बेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या तंगड्यांची निर्यातसुद्धा १९८७ पासून बंद आहे. आणि खरं सांगायचं तर जिवंत बेडकाच्या तोंडातून गळ काढायला माझा हात धजत नाही.

गळटाक्या:

भाऊ, पहिलं बुडण्याचं बघू. प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ करणारं तेल. पीव्हीसी पाण्याच्या साधारण १.४ पट जड, त्याला मऊ करणारं तेल, म्हणजे प्लास्टिसायझर, पाण्याच्या जवळपास. दोन्ही मिळून जो मऊ माल होतो तो पाण्याहून किंचित जडच राहतो. वर तुम्ही पोलादी जोडगळ घातला. मग भरीव बेडूक तरंगणार कशाने? मीठ घातलेले मऊ प्लास्टिकचे किडे बासवाले मुद्दाम बुडवतात, तुम्हाला उलटं हवंय. पोकळीशिवाय इलाज नाही. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड मिसळून तरंगणारा माल करता येतो, पण त्याने अंग दाबलं जाण्याचा प्रश्न सुटत नाही.

बुडबुड्यांचा संशय प्लास्टरवर. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात वाळवलेला साचासुद्धा आतून कोरडा आहे असं समजू नका. मोकळं पाणी जातं, पण जमलेल्या प्लास्टरच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं आणि तापल्यावर ते सुटायला लागतं. १७५ अंशाचा माल त्यावर पडला की वाफ होते, ती मालात शिरते. साचा जास्त ओला असेल तर माल उडतो, आणि अंगावर उडालेला प्लास्टिसोल पुसला जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. साचा ओव्हनमध्ये कडक भाजूही नका, भुगा होईल. उन्हात वाळवा, मग पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचे किंवा इपॉक्सीचे पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या.

दुसरं, ओतण्याआधी बाटली तळापासून ढवळता का? रेझिन, म्हणजे पीव्हीसीची पूड, खाली बसतं. वरचं वरचं ओतलं तर तो माल कधी नीट जमत नाही, चिकट राहतो. तळाचा उरतो तो टणक होतो. ढवळताना मात्र हवा कोंबू नका, आणि ढवळल्यावर थोडा वेळ तसाच ठेवा.

पिवळं पडणं म्हणजे माल जळणं. २०० अंशांच्या पुढे गेलात की पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटायला लागतो. नाकाला झोंबतो तो वास तोच. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. आम्लवायू आणि सेंद्रिय वाफ अशा दोन्हींचं काडतूस असलेला मास्क लागतो. गच्चीवर करा, वाऱ्याकडे पाठ करून. आणि ज्या मायक्रोवेव्हमध्ये हे तापवाल त्यात पुन्हा दूध तापवायचं नाही. घरच्यांना विचारून नाही, सांगून वेगळा घ्या.

सावजी_तर्री:

पहिला फोटो बघून वाटलं इडलीचं पीठ हाय.

बाकी बाससाठी केलेला बेडूक मरळीला चालतो का, अशी शंका असेल तर सोडून द्या. आपल्या मरळीची चुलत बहीण, चीनकडची, २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात सापडली तेव्हा तिकडे हाहाकार झाला होता. पुढे पोटोमॅक नदीत ती स्थायिकच झाली. आता तिथले लोक बासचेच पोकळ बेडूक घेऊन तिच्या मागे असतात.

बेशरमकाठ:

गळटाक्या दादा, मनापासून आभार. ढवळण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तापमान मी इन्फ्रारेड बंदुकीने बघतो, त्यात काही गडबड होऊ शकते का?

आणि पोकळी करायची कशी, ते अजून कोणी बोललं नाही. साच्यात मधे काडी उभी करून भोवती माल ओतला तर अंग एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतं.

गळटाक्या:

बंदूक फक्त वरच्या थराचं तापमान सांगते. आतला माल वेगळाच असतो, खासकरून मायक्रोवेव्हमध्ये. दर खेपेला ढवळून मगच मोजा. सुईवाला थर्मामीटर त्याहून बरा.

मेणबत्तीताई:

मी मासे पकडत नाही, पण सिलिकॉनचे साचे करते (साबण, मेणबत्त्या), म्हणून लिहितेय. तुम्ही तापवण्याच्या भानगडीत का पडताय? दोन भागांचं मऊ सिलिकॉन मिळतं, दोन्ही मिसळायचे, ओतायचे, घरच्या तापमानाला जमतं. धूर नाही, वास नाही. पोकळीसाठी साच्यात थोडंच ओतून साचा सगळ्या बाजूंनी फिरवत राहा, भिंतींवर थर बसतो. तो जमला की दुसरा थर.

काही गोष्टी सांभाळा. मूळ बेडूक शाळेच्या रंगीत प्लास्टिसिनचा घडवला असेल तर बहुतेक त्यात गंधक असतं, आणि प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथे जमतच नाही, कायम ओलं राहतं. गंधकविरहित माती घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन, व्हिनेगरचा वास येणारं, त्याने जाड वस्तू करायला जाऊ नका. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत जमतं, वरून कातडी येते आणि आत आठवडाभर लापशी. आणि सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही, रंगसुद्धा. रंग मिसळूनच ओता.

तुमचा प्लास्टरचा साचा बाद करून सिलिकॉनचा साचा केलात तरी चालेल. सिलिकॉन २०० अंश सहज सहन करतं, त्यात प्लास्टिसोल ओतता येईल आणि वाफेचा प्रश्नच नाही.

गळटाक्या:

ताई, साच्यासाठी सिलिकॉन उत्तम. अंगासाठी मला ते पटत नाही. मरळीच्या दाताने एकदा बारीक चीर पडली की पुढच्या माशाला ती कानापर्यंत जाते. पीव्हीसीला चीर पडली तर तापलेल्या पात्याने दोन्ही कडा वितळवून पुन्हा जोडता येतात. तलावाच्या काठावर लायटर आणि जुनी सुरी असली की झालं.

मेणबत्तीताई:

तलावाच्या काठावर पीव्हीसी वितळवणारे लोक मला धुराबद्दल सांगून राहिले!

बुटीबोरी_शिफ्ट:

उशिरा आलो, शिफ्ट होती. मी डिप मोल्डिंगच्या लाइनवर काम केलंय. सायकलच्या मुठी, पकडीच्या दांड्यांवरचं लाल-निळं कव्हर, असल्या वस्तू. तुम्हाला जे हवंय ते हेच आहे बावा, तुम्ही उगाच साच्यात ओतून राहिले.

उलटं करा. साचा नको, फर्मा पाहिजे. म्हणजे बेडकाच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा भरीव तुकडा. २५ मिलिमीटरची गोल कांडी घ्या, खराद मशीनवर (लेथवर) नाहीतर कानशीने घासून नाकाकडे निमुळती, पोटाला रुंद, मागे परत थोडी बारीक करा. मागच्या बाजूला एक दांडा ठेवा, धरायला आणि टांगायला. वरून पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करा, कारण फर्म्याचा ओरखडा मालाच्या आत उमटतो.

ओटीजी ओव्हनमध्ये हा फर्मा १८० ते २०० अंशावर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मायक्रोवेव्हमध्ये धातू घालू नका, हे सांगायला लागू नये पण सांगतो. प्लास्टिसोल थंडच, उंच अरुंद डब्यात, फर्मा पूर्ण बुडेल एवढा, पण काठोकाठ नाही. तापलेला फर्मा नाकाकडून हळू आत सोडा. घाईत बुडवला की सोबत हवा जाते आणि कातडीवर खड्डे येतात. आत गेला की गरम धातूला लागून माल जमायला लागतो. अर्धं ते एक मिनिट ठेवा. मग आणखी हळू, एकाच गतीने वर काढा. थांबत थांबत काढला तर वळ्या पडतात. नाकावर शेवटचा थेंब लोंबतो, लगेच फर्मा उलटा करा म्हणजे तो परत पसरतो.

जाडी कशावर ठरते? मुख्य दोन गोष्टी: फर्मा किती गरम होता आणि आत किती वेळ राहिला. तुमच्या कामाला दीड-दोन मिलिमीटर पुरे. त्यापेक्षा जाड झाला तर दाबताना ताकद लागेल, पातळ झाला तर दात लागताच फाटेल. पहिले काही बेडूक कापूनच बघा, उभे, कटरने. भिंत सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

बाहेर काढल्यावर काम संपलं नाही. ही कातडी अजून कच्ची असते, दुधाळ आणि मंद दिसते. फर्म्यासकट परत ओव्हनमध्ये १८० च्या आसपास टांगा, ती चकचकीत आणि पारदर्शक झाली की पिकली. रंगीत मालात हे नीट कळत नाही, तेव्हा एक तुकडा बोटांनी ताणून बघा. कच्चा असेल तर पनीरसारखा तुटतो, पिकलेला रबरासारखा ताणून परत येतो. मग पाण्यात बुडवून कोमट होऊ द्या, आणि कोमट असतानाच मागच्या बाजूने गुंडाळत ओढून काढा. मागचं भोक पोटापेक्षा लहान असलं तरी मऊ माल ताणून निघतो. साबणाचं पाणी आत सोडलं तर आणखी सोपं. पूर्ण थंड झाल्यावर जास्त झगडावं लागतं.

एक तोटा आहे. फर्म्यावर डोळे, पायांच्या गाठी वगैरे कोरल्या तर त्या आतून उमटतात, बाहेरून गुळगुळीतच येतो. पण मासा खालून बघतो, त्याला आकाशासमोर काळी सावली दिसते. डोळे तुमच्यासाठी असतात. बाहेरूनच नक्षी पाहिजे असेल तर त्याचा भाऊ, स्लश मोल्डिंग: गरम धातूच्या पोकळ साच्यात माल भरायचा, भिंतीला थर जमला की उरलेला परत ओतून काढायचा, मग पिकवायचं. बाहुल्यांची डोकी अशी बनतात. पण त्याला पोकळ धातूचा साचा लागतो, तो घरी होत नाही.

माल कुठे मिळेल: इतवारीत केमिकलवाल्यांकडे आणि हिंगणा, बुटीबोरीच्या प्लास्टिक कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे विचारा, पण "पीव्हीसी रेझिन द्या" असं नका म्हणू, पाइपवालं देतील. ते सस्पेन्शन ग्रेड असतं, त्याचा असा द्रव होत नाही. तुम्हाला पेस्ट ग्रेड लागते. प्लास्टिसायझर डीओपी सगळीकडे मिळतं, पण ते थॅलेट आहे, युरोपात मुलांच्या खेळण्यांत त्यावर बंधन आहे. तुम्ही हाताळणार, तलावात तुटून पडणार, तर त्याऐवजी डीओटीपी हे प्लास्टिसायझर मागा. मऊ बेडकासाठी प्लास्टिसायझर रेझिनपेक्षा कितीतरी जास्त पडतं, थोडं थोडं करून बघा. आणि हीट स्टॅबिलायझर (तापल्यावर माल जळू न देणारं रसायन) घातल्याशिवाय तापवू नका, तुमचं पिवळं पडणं निम्मं त्यानेच थांबेल. कॅल्शियम-झिंकचं घ्या, शिशाचं नको. टी-शर्ट छापणारे जी प्लास्टिसोल शाई वापरतात ती याच जातीची, पण ती पातळ थरासाठी बनवलेली असते. तिच्यात वेळ घालवू नका.

उरलेला माल टिनाच्या खोलीत ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात रेझिन बसल्या जागी तेल पीत राहतं आणि द्रव घट्ट होत जातो. घरात सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा.

बेशरमकाठ:

बुटीबोरी भाऊ, दंडवत. एवढे व्हिडिओ बघितले पण फर्मा तापवून थंड मालात बुडवायचा, हे कोणी दाखवलं नव्हतं. दोन शंका. मागचं भोक बंद कसं करायचं, आणि नाकाला गळाचा डोळा बाहेर काढायला छिद्र कसं पाडायचं?

बुटीबोरी_शिफ्ट:

नाकाला दाभण तापवून भोसका, कडा आपोआप वितळून गोल होते, फाटत नाही. मागच्या बाजूला त्याच मालाची चकती कापा, गळाचा दांडा जाईल एवढी फट ठेवा, कडा गरम पात्याने जोडा. पूर्ण हवाबंद करायच्या मागे लागू नका, विकतच्या बेडकातही पाणी शिरतं, दाबून काढायचं.

तलावठेका:

मी भंडारा जिल्ह्यातला. आमची मच्छीमार संस्था तलाव ठेक्यानं घेते. एवढं मोठं शास्त्र पाहून हसू आलं, राग नका मानू. आमच्याकडे पोट्टे जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून बेडूक कापतात. ब्लेडनं आकार द्यायचा, मधून तार, मागे गळ, पायाला फुग्याच्या रबराच्या पट्ट्या. फेस असल्यानं बुडायचा प्रश्नच नाही, फाटला तर दुसरा. मरळ त्यावर बी येते.

पण दादाचं म्हणणं खोटं नाही, चपलेचा बेडूक दाबल्या जात नाही. त्याला गळ थोडा उघडा ठेवा लागते आणि मग शिंगाड्यात अडकतेच. मोकळ्या पाण्यात चप्पल, वेलात पोकळ, असं समजा.

आता गळाचं सांगतो. जोडगळाची टोकं पाठीला टेकून पाहिजे, पण रुतून नाही. अंगठा आणि बोटात बेडूक धरून दाबा, दोन्ही टोकं सरळ बाहेर आली पाहिजे. एक आलं आणि एक नाही, तर गळ वाकडा बसला. वजन टाकायचं तर मागच्या बाजूला पोटात टाका, शेपटीकडे बसकण आली की फेकल्यावर पालथा पडत नाही. शिसं नका टाकू, लोखंडी छर्रा चालते. मरळ आली, फटकन आवाज आला, की लगेच झटका नका देऊ. दोरीवर वजन येऊ द्या, मग ओढा. तिचं तोंड हाडाचं, अर्धवट झटक्यानं गळ घुसत नाही.

आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर तिथे बेडूक नका फेकू. खाली नर-मादी राखण करून राहतात. भूक नसली तरी पिल्लाजवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतात, म्हणून सोपी शिकार वाटते. ते दोघं गेले की इतर मासे तासाभरात पिल्लं साफ करतात. आमचा पुढच्या सालचा मासा तोच असते भाऊ.

तोतलाडोहाकडे तर जाऊच नका, ते पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, मासेमारीला बंदी हाय. बाकी जागी संस्थेच्या माणसाला आधी विचारा. बहुतेक जण गळवाल्याला नाही म्हणत नाहीत, न विचारता आलेल्याला म्हणतात.

बेशरमकाठ:

तलावठेका काका, पिल्लांचं नक्की पाळीन. आमच्या गटातले काही जण मुद्दाम त्या गोळ्यावरच टाकतात, त्यांना हा प्रतिसाद पाठवतोय.

गळटाक्या:

राहिलेलं एक. तयार बेडूक कडक प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात टाकू नका. मऊ पीव्हीसीतलं तेल त्या प्लास्टिकला खातं, महिन्याभरात डबा आणि बेडूक एकजीव झालेले मिळतात. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, आणि रंगांप्रमाणे वेगळे, नाहीतर काळ्याचा रंग पांढऱ्यात उतरतो. घरातला ऑइल पेंटही लावू नका, तेच तेल बाहेर येऊन पेंट कायम चिकट ठेवतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर काय होईल ते नागपूरकराला सांगायला नको.

बेशरमकाठ:

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: फर्मा करून घेतो, कच्चा माल पेस्ट ग्रेड आणि डीओटीपी बघतो, मेणबत्तीताईंच्या सल्ल्याने पायांसाठी सिलिकॉनच्या पट्ट्या वेगळ्या ओततो. तलावठेका काकांची चप्पल मोकळ्या पाण्यासाठी सोबत असेलच, घरात जुन्या जोड्या भरपूर आहेत.

आता दोनच गोष्टी अडल्या आहेत. ॲल्युमिनियमचे तीन-चार फर्मे एवढ्या छोट्या कामासाठी कोणी खराद मशीनवाला करून देईल का? कॉटन मार्केट ते कळमना पट्ट्यात कोणी ओळखीचा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि कोणाकडे जुना ओटीजी पडून असेल, तापमानाचं बटण चालू असलेला, तर मी येऊन घेऊन जाईन. काच फुटलेली असली तरी चालेल, पत्रा लावून घेतो.

सावजी_तर्री:

ओटीजी हाय माझ्याकडे. बटण चालते, लाइट लागत नाही. फक्त एका अटीवर, पहिल्या मरळीचा रस्सा माझ्या घरी.